शेतावर चिरलेल्या लाकडाचे ट्रॅक्टर शेड: तोडीपासून पत्र्यापर्यंतचा क्रम

बांधावरची निलगिरी किंवा बाभूळ तोडून, तिथेच चिरून, त्याच लाकडाचे ट्रॅक्टर शेड उभे करणारे शेतकरी पुणे जिल्ह्यात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे शेड दोन-तीन पावसाळ्यांत एका बाजूला कलते किंवा वळवाच्या एका झोताबरोबर त्याचे पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडतात. लाकूड वाईट होते, असा निष्कर्ष मग निघतो. बहुतेक वेळा लाकडाचा दोष नसतो. ओले लाकूड घाईने वापरलेले असते आणि छप्पर खाली पडू नये एवढाच विचार झालेला असतो. ते वर उचलले जाऊ नये, हा विचार राहून गेलेला असतो. या दोन चुका टाळण्यासाठी कामाचा क्रम कसा असावा, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

काम वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुरू होते, यावर बरेच काही अवलंबून आहे. तोड दिवाळीनंतर, चिराई डिसेंबर-जानेवारीत, वाळवण एप्रिलअखेरपर्यंत, पाया एप्रिलमध्ये आणि सांगाडा व पत्रे मे महिन्यात, मृगाच्या आत. मार्चमध्ये झाड तोडून मेमध्ये शेड उभे करण्याचा बेत असेल, तर तो एक वर्ष पुढे ढकलावा आणि या पावसाळ्यात ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकावी.

## १. झाड तोडण्याआधी माप ठरवा

माप आधी ठरले नाही तर ओंडके चुकीच्या लांबीचे कापले जातात आणि कापलेला ओंडका लांब करता येत नाही. ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण साडेअकरा ते बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सायलेन्सरच्या टोकापर्यंत पावणेआठ ते आठ फूट उंच असतो. मागे रोटाव्हेटर जोडलेला असेल तर लांबीत सुमारे चार फुटांची भर पडते. आपल्या ट्रॅक्टरला छत बसवलेले असेल तर त्याची उंची स्वतः टेपने मोजावी, कागदावरच्या मापावर विसंबू नये.

या लेखात खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १४ फूट रुंद आणि २० फूट लांब असे एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उताराचे, शेड धरले आहे. दोन्ही लांब बाजूंना १० फुटांवर तीन-तीन असे सहा खांब. एका बाजूच्या तुळईचा माथा ९ फुटांवर, दुसऱ्या बाजूचा ११ फुटांवर. उतार रुंदीच्या दिशेने. मुळशी, मावळ, वेल्हे या भागांत उंच बाजू १२ फुटांवर न्यावी, म्हणजे उतार वाढतो आणि पाणी पत्र्यांच्या जोडातून मागे चढत नाही. दुपाखी छपराला कैच्या, म्हणजे त्रिकोणी चौकटी, लागतात. घरी चिरलेल्या, मापात थोड्या कमी-जास्त असलेल्या लाकडातून एकसारख्या कैच्या जुळवणे अवघड आहे, म्हणून पहिल्या शेडासाठी मी एकपाखीच सुचवतो.

लागणारे लाकूड असे:

- खांब ६ × ६ इंच: ८ फुटी तीन, १० फुटी तीन
- तुळया ४ × ६ इंच: २३ फुटी दोन, जोड द्यायचा तर तो मधल्या खांबाच्या डोक्यावरच
- वासे ३ × ६ इंच: १७ फुटी सहा, ४ फुटांच्या अंतराने
- वाशांवर आडव्या बसणाऱ्या रिपा २ × ४ इंच: २३ फुटांच्या सात ओळी
- तिरपे आधार २ × ४ इंच: सुमारे ७० फूट
- भिंतीच्या फळ्या १ इंच जाडीच्या: सुमारे ३०० चौरस फूट, आणि फटींवरच्या पट्ट्या

हे सारे मिळून चिरलेले लाकूड ७५ ते ८० घनफूट होते. शेतावरच्या चिराईत गोल लाकडाचा निम्मा भाग, कधी त्याहून अधिक, बाकल (ओंडक्याच्या बाहेरची सालीसकट निघणारी फळी) आणि भुशात जातो. म्हणजे १८ फूट लांब आणि मध्यावर एक फूट व्यासाचे १२ ते १४ सरळ ओंडके हवेत. बांधावर तेवढे नसतील तर फळ्यांच्या भिंती वगळून सांगाडा आणि छप्पर एवढेच घरच्या लाकडाचे करावे.

## २. कागदपत्रे

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निलगिरी आणि सुबाभळीसाठी प्रक्रिया सोपी असते, तरीही तोडीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी खात्री करून घ्यावी. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारावी: लाकूड चिरण्याचे यंत्र बसवणे हा परवान्याचा विषय आहे, तेव्हा आपण वापरणार असलेले साधन त्यात मोडते का, हे आधी कळलेले बरे. हाताची मोठी करवत किंवा चेन सॉ वापरून स्वतःपुरते लाकूड चिरणार असाल, तर तसे स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४१ मध्ये शेतीसाठी लागणाऱ्या इमारतीची तरतूद आहे, पण पुण्यासारख्या शहराच्या हद्दीत आणि लगतच्या पट्ट्यात त्यासाठीही आधी अर्ज करावा लागतो. तहसील कार्यालयात, आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असाल तर तिथेही, विचारून मगच खड्डा खणावा.

## ३. कोणते लाकूड कुठे

निलगिरी सरळ आणि लांब मिळते, म्हणून वासे, तुळया आणि रिपा तिच्या. बाभूळ कणखर असते, पण सतरा फूट सरळ बाभूळ क्वचितच सापडते. ती खांबांसाठी ठेवावी. सुबाभूळ हलकी असते आणि तिला कीड लवकर लागते, त्यामुळे प्रक्रिया करून फार तर फळ्यांसाठी किंवा पट्ट्यांसाठी वापरावी.

ओंडक्याच्या कापावर बाहेरचा फिकट भाग आणि आतला गडद गाभा वेगळे दिसतात. कीड आणि वाळवी आधी फिकट भागात शिरते, कारण त्यात पिष्टमय अंश असतो. खांबांत हा भाग जितका कमी तितके चांगले. कोवळे, पाच-सहा वर्षांचे झाड जवळजवळ सगळे फिकटच असते. ते खांबाला घेऊ नये.

तोड अनुभवी माणसाकडून करून घ्यावी आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. तोडल्याच्या दिवशीच ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडते आणि तिथूनच उभ्या चिरा सुरू होतात. निलगिरीत हे फार ठळकपणे दिसते: रंग न लावलेले टोक दोन दिवसांत तारकेसारखे फाटते आणि ती फाट पुढे फूट-दीड फूट आत जाते.

## ४. चिराई

ओंडके ओले असतानाच, शक्यतो पंधरा दिवसांच्या आत चिरावेत. वाळलेली बाभूळ चिरताना करवतीची धार दर अर्ध्या तासाला जाते.

चेन सॉच्या पात्याला बसणारी मार्गदर्शक चौकट वापरणार असाल तर पहिल्या कापासाठी ओंडक्यावर एक सरळ शिडी किंवा लोखंडी चौकोनी नळीची जोडी खिळून घ्यावी आणि चौकट तिच्यावरून सरकवावी. पहिला काप जितका सरळ, तितके पुढचे सगळे सरळ; पहिल्या कापात घाई करून नंतर दुरुस्त करता येत नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, पायात जाड बूट असावेत, गळ्यात पंचा किंवा उपरणे नसावे आणि एकट्याने हे काम कधीही करू नये.

निलगिरीच्या खोडात ताण भरलेला असतो. एकाच बाजूने फळ्यांमागून फळ्या काढत गेल्यास तो ताण एकाच बाजूने मोकळा होतो आणि उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो. त्यामुळे एका बाजूची एक बाकल काढली की ओंडका उलटा करून समोरच्या बाजूची काढावी, मग पुन्हा पहिल्या बाजूला यावे. काम संथ होते, पण वासे सरळ निघतात. खांब काढताना झाडाचा मध्यबिंदू खांबाच्या बरोबर मध्यावर राहील असे पाहावे. फळीत मात्र मध्यबिंदू येऊ देऊ नये. ती फळी वाळताना तिथेच फाटते, म्हणून मधला भाग रिपांना किंवा जळणाला द्यावा.

वाळताना लाकूड आक्रसते, हे धरून माप वाढवून चिरावे: ६ इंचाला ३ सूत, ४ इंचाला २ सूत, १ इंचाच्या फळीला १ सूत. एक इंच म्हणजे आठ सूत, हा हिशेब सुतारकाम करणाऱ्याला सांगावा लागत नाही, पण चिरणारा बहुधा सुतार नसतो.

तपासणी: दर पाचव्या नगाला दोन्ही टोके आणि मध्य अशा तीन ठिकाणी जाडी मोजावी. फरक दोन सुतांपेक्षा अधिक असेल तर चौकट सैल आहे किंवा साखळीची धार एका बाजूने गेली आहे. तसेच पुढे चिरत राहू नये.

## ५. रचून वाळवणे

शेडाचे आयुष्य ठरवणारा टप्पा हा आहे आणि सर्वांत जास्त टाळाटाळ याच टप्प्यात होते. चिरलेले लाकूड भिंतीला टेकवून उभे करणे किंवा जमिनीवर एकावर एक टाकून ठेवणे म्हणजे वाळवणे नव्हे. पहिल्या पद्धतीने ते वाकते आणि दुसऱ्या पद्धतीने त्यावर बुरशी येते.

झाडाच्या सावलीत किंवा जुन्या पत्र्यांखाली, जमिनीपासून दीड फूट उंच, एका पातळीत दगड किंवा विटांचे ओटे करावेत. ओट्यांची पातळी पाण्याच्या नळीने तपासावी, कारण ओटा जिथे खाली असेल तिथे वरचे प्रत्येक लाकूड तसेच वाकून वाळेल आणि नंतर ते सरळ होणार नाही. प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या, वाळलेल्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या दीड-दीड फुटांवर ठेवाव्यात. खालच्या थरातली पट्टी, वरची पट्टी आणि सर्वांत खालचा ओटा एकाच उभ्या रेषेत आले पाहिजेत. दोन फळ्यांमध्ये बोटभर जागा सोडावी. फळ्या खाली आणि जड नग वर असा क्रम ठेवला तर वरच्या वजनाने फळ्या सपाट राहतात. शिवाय सर्वांत वर दगड ठेवावेत.

आपल्याकडच्या हवेत एक अडचण आहे. डिसेंबर-जानेवारीत वाळवण हळूहळू होते, ते योग्यच. पण मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी होते की लाकडाचा बाहेरचा थर झपाट्याने सुकून आक्रसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणून मार्चपासून रचलेल्या ढिगाच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना गोणपाट सोडावे. प्लॅस्टिक नको, आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी येते.

एक इंची फळ्या अशा रचल्यास एप्रिलअखेर वापरण्याजोग्या होतात. दोन इंची रिपाही जवळजवळ होतात. सहा इंची खांब मात्र एका हंगामात आतपर्यंत वाळत नाहीत आणि तशी अपेक्षाही धरू नये. ते अर्धवट वाळलेलेच उभे राहणार, हे धरून पुढचे सांधे खिळ्यांऐवजी बोल्टचे ठेवले आहेत, म्हणजे नंतर आवळता येतात.

तपासणी: रचताना एका फळीतून, टोकापासून दोन फूट आत, फूटभर लांबीचा तुकडा कापावा. त्याच्या दोन्ही टोकांना रंग लावून त्याचे वजन लिहून ठेवावे आणि तो ढिगातच ठेवावा. दर रविवारी डिजिटल काट्यावर वजन करावे. आठवड्याभरात वजन अर्ध्या टक्क्याहूनही कमी उतरू लागले की ती जाडी इथल्या हवेपुरती वाळली. लाकूड वाजवून किंवा हात लावून जे कळते असे वाटते, ते बहुधा फक्त वरच्या थराबद्दल असते.

## ६. कीड आणि वाळवी

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड ३:२ या प्रमाणात घेऊन त्यांचे ५ ते १० टक्के द्रावण कोमट पाण्यात करावे आणि लाकूड ओले असतानाच, म्हणजे रचण्याआधी, सगळ्या बाजूंनी भरपूर लावावे. नंतर दोन-तीन आठवडे ढीग झाकून ठेवला तर द्रावण लाकडातल्या पाण्यावाटे आत झिरपते. वाळलेल्या लाकडावर लावल्यास ते वरच्या थरातच राहते. हे द्रव्य पावसात धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या भागांनाच ते उपयोगी आहे; पाऊस झेलणाऱ्या फळ्यांना वाळल्यानंतर बाहेरून तेलरंग द्यावा लागतो. हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण पिकात किंवा गुरांच्या पाण्याजवळ टाकू नये.

इंजिनातून काढलेले काळे ऑइल लाकडाला लावण्याची पद्धत सर्रास आहे. मी ती सोडून देण्याचा आग्रह धरतो. ते खोल जात नाही, वाळवीला फार काळ रोखत नाही, आणि डिझेल ठेवण्याच्या जागी पेट घेणारा आणखी एक थर तयार होतो.

## ७. जागा आणि पाया

पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून शेडाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, तोंड पूर्वेला, उताराची ठेंगणी बाजू दक्षिणेला. पश्चिम आणि दक्षिण या बाजू फळ्यांनी बंद होतील. विहीर, कडबा आणि सरपण यांपासून शेड दूर असावे. जमीन आजूबाजूपेक्षा निदान नऊ इंच उंच करून घ्यावी.

आखणीसाठी चार कोपऱ्यांच्या बाहेर खुंट्या रोवून दोऱ्या ताणाव्यात. काटकोन ६-८-१० फुटांच्या त्रिकोणाने घ्यावा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. १४ × २० च्या आयतात दोन्ही कर्ण २४ फूट ५ इंच येतात. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर दोरी पुन्हा हलवावी. इथे सोडलेला फरक शेवटी पत्र्याच्या कडेला तिरपा दिसतो आणि तोवर त्यावर उपाय उरलेला नसतो.

आता वाऱ्याचा हिशेब. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ ९३ किलो होतो. आपल्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस मीटर आहे. समोरची बाजू उघडी असल्याने वारा आत शिरून छप्पर खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा ते ओढतो. ढोबळ मानाने हा जोर तीन टनांच्या वर जातो. पत्रे, वासे, रिपा, तुळया मिळून छपराचे वजन ७५० ते ८०० किलोच भरते. उरलेले अडीच टन धरून ठेवण्याचे काम पायाच्या वजनाने आणि सांध्यांनी करायचे आहे, आणि मधल्या दोन खांबांवर कोपऱ्याच्या खांबाच्या दीडपट ते दुप्पट ओढ येते.

म्हणून कोपऱ्याचे चार खड्डे दीड फूट चौरस आणि मधले दोन खड्डे दोन फूट चौरस घ्यावेत. खोली साडेतीन फूट. दीड फुटी खड्ड्यातले काँक्रीट पाचशे किलोच्या पुढे भरते, दोन फुटी खड्ड्यातले नऊशेच्या पुढे. सहा खड्ड्यांना १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सुमारे ११ गोणी सिमेंट लागते.

काळ्या मातीसाठी इशारा: बारामती, दौंड, इंदापूरकडची भारी काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे साडेतीन फुटांवर थांबू नये; मुरूम लागेपर्यंत खणावे. पाच फुटांवरही मुरूम लागला नाही तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खांब काँक्रीटमध्ये पुरू नये. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. काँक्रीट लाकडाभोवती पाणी धरून ठेवते, लाकूड आक्रसल्यावर पडलेल्या फटीत पावसाचे पाणी उतरते आणि खांब नेमका जमिनीच्या पातळीवर कुजतो. त्याऐवजी ५० × ६ मिलिमीटरच्या दोन लोखंडी पट्ट्या, खांबाच्या जाडीएवढे अंतर ठेवून, काँक्रीटमध्ये अडीच फूट खोल बसवाव्यात. त्यांची खालची टोके वाकवलेली असावीत आणि दोन्हींतून एक आडवी सळई गेलेली असावी. पट्ट्या जमिनीवर सव्वा फूट येतात. खांबाचे बूड जमिनीपासून सहा इंच वर, पट्ट्यांच्या मध्ये बसते आणि १२ मिलिमीटरच्या दोन आरपार बोल्टनी धरले जाते. खालचा बोल्ट खांबाच्या टोकापासून निदान चार इंच वर असावा, नाहीतर ओढ बसताच लाकूड टोकाकडे फाटते. पट्ट्यांना आधी रेडऑक्साइडचे दोन हात द्यावेत.

काँक्रीट ओले असताना सहाही जोड्या दोरीला लावून, ओळंब्यात, एकाच पातळीत आहेत का ते पाहावे. सात दिवस पाणी मारावे. छपराचे वजन टाकण्याआधी चौदा दिवस जाऊ द्यावेत.

## ८. सांगाडा

१. खांब पट्ट्यांत बसवून बोल्ट हातानेच लावावेत. दोन दिशांनी तात्पुरते टेकू देऊन ओळंबा दोन लगतच्या बाजूंनी पाहावा आणि मगच बोल्ट आवळावेत.

२. तुळया खांबांच्या डोक्यावर ठेवाव्यात. नुसते वरून खिळे मारून चालत नाही, कारण खांबाच्या टोकात लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेला खिळा ओढीला सहज निघतो. खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुळईपर्यंत जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट घालावेत.

३. वासे तुळईवर बसवताना खाच एक ते दीड इंचाहून खोल घेऊ नये. सहा इंची वाशाला तीन इंची खाच घेतली की तो तीन इंची वासा झाला. प्रत्येक वासा दोन्ही टोकांना लोखंडी पट्टीने तुळईला बांधावा. दोन्ही बाजूंना वासे सव्वा फूट बाहेर निघतील.

४. कायमचे तिरपे आधार आता, पत्र्याआधी. पश्चिमेच्या टोकाला आणि दोन्ही लांब बाजूंना खांबाच्या पायापासून शेजारच्या खांबाच्या डोक्यापर्यंत. पुढच्या तोंडाला कर्ण घेता येत नाही, म्हणून दोन्ही कोपऱ्यांत अडीच फुटी पंचेचाळीस अंशांचे आधार. त्यानंतरही मध्ये साडेआठ फूट पूर्ण उंचीची वाट उरते. वाशांच्या खालून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक कर्णपट्टी द्यावी.

पाया लोखंडी पट्ट्यांचा असल्यामुळे खांब आपल्या बळावर ताठ उभे राहणार नाहीत. शेडाचा ताठरपणा सगळा या तिरप्या आधारांत आहे. वेळ कमी पडला की नेमके हेच काम मागे टाकले जाते.

वाळलेल्या निलगिरीत आणि बाभळीत खिळा थेट मारला तर खिळा वाकतो किंवा लाकूड फाटते. खिळ्यापेक्षा थोडे बारीक भोक आधी पाडावे. बोल्टच्या दोन्ही बाजूंना मोठे चौकोनी वायसर हवेत, नाहीतर बोल्टचे डोके मऊ लाकडात रुतते.

तपासणी: तात्पुरते टेकू काढून कोपऱ्याच्या खांबाला दोघांनी खांद्याने जोर द्यावा. डोके हलताना दिसले तर आधार कमी आहेत. पत्रे लावल्यावर ते आपोआप घट्ट होईल, असे मानू नये.

## ९. रिपा आणि पत्रे

उतारावर छपराची लांबी साधारण १६ फूट ८ इंच येते. त्यासाठी १० फुटी पत्रा खाली आणि ८ फुटी वर, दोन्हींत ९ इंचांचा आडवा जोड आणि दोन्ही कडांना साडेतीन इंच बाहेर. रिपा समान अंतरावर लावत जाण्याची चूक इथे महागात पडते, कारण मग जोड कोणत्याच रिपेवर येत नाही आणि तिथून पाणी आत येते. जोडाची रीप आधी बसवावी: खालच्या वाशाच्या टोकापासून ९ फूट ४ इंचांवर. तिच्या खालच्या भागाचे तीन समान भाग, म्हणजे सुमारे ३ फूट १ इंच. वरच्या भागाचेही तीन, सुमारे २ फूट ५ इंच. वरची कड वारा आधी पकडते, म्हणून तिथे रिपा जवळ आलेल्या चांगल्या. तुमची उंची वेगळी असेल तर वासे बसल्यावर लांबी प्रत्यक्ष मोजून हा हिशेब पुन्हा करावा.

२३ फुटांच्या छपराला एक मीटर उपयुक्त रुंदीचे सात उभे पट्टे लागतात: ०.५ मिलिमीटर जाडीचे सात १० फुटी आणि सात ८ फुटी पत्रे. वेगवेगळ्या घडीच्या पत्र्यांची उपयुक्त रुंदी वेगळी असते. रिपांची लांबी ठरवण्याआधी दुकानात दोन पत्रे एकमेकांवर ठेवून मोजावे.

लावण्याचा क्रम वाऱ्याच्या उलट दिशेने असतो. वारा पश्चिमेचा, म्हणून सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून: आधी खालचा पत्रा, त्यावर वरचा, मग पश्चिमेकडचा पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चढवून. असे केले की वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्याखाली शिरत नाही. पहिला पट्टा वाशाच्या नव्हे, ताणलेल्या दोरीच्या रेषेत लावावा.

लाकडासाठीचे, रबरी वायसर असलेले स्क्रू वापरावेत. ते घडीच्या उंचवट्यावर लावावेत, कारण पाणी पन्हळीतून वाहते. रिपेत निदान सव्वा इंच शिरतील एवढी त्यांची लांबी हवी. कडेच्या रिपांवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या रिपांवर एक सोडून एक. रबर किंचित फुगेपर्यंत आवळावे. रबर चिरडून बाहेर आले तर तो स्क्रू दोन उन्हाळ्यांत गळू लागतो.

वेळेचा इशारा: मे महिन्यात वळीव बहुधा दुपारनंतर येतो आणि त्याचा वारा कोणत्याही दिशेने येऊ शकतो. चौदा पत्रे तीन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. पहाटे सुरू करावे आणि अर्धवट लावलेले छप्पर रात्रभर सोडू नये. सुटे पत्रे वर ठेवून जेवायला उतरू नये.

## १०. भिंती आणि जमीन

मेमध्ये फळ्या सर्वांत कोरड्या असतात आणि जुलैत त्या फुगतात, म्हणून उभ्या फळ्या लावताना दोन फळ्यांत एक सूत जागा सोडून वर पट्टी लावावी. पट्टीचा खिळा एकाच फळीत जावा. दोन्ही फळ्यांत गेला तर फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती मध्ये फाटते. फळ्यांचे बूड जमिनीपासून सहा इंच वर ठेवावे, म्हणजे वाळवीचे मातीचे नळ चढताना दिसतात. उत्तरेची उंच बाजू पुढे कधी बंद केली, तरी छपराखाली फूटभर जागा उघडी सोडावी. त्यातून वाफ आणि डिझेलचा वास निघून जातो.

जमिनीला सहा इंच मुरूम, पाणी मारून दोन थरांत धुमसलेला. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो, त्यामुळे पूर्ण फरशीऐवजी चाकांखाली काँक्रीटचे दोन पट्टे केले तरी पुरतात.

## ११. पहिल्या पावसाळ्यानंतर

नोव्हेंबरमध्ये शिडी लावून प्रत्येक बोल्टला पाना लावावा. खांब आणि तुळया वर्षभरात आणखी आक्रसलेल्या असतात, त्यामुळे बोल्ट पाव ते अर्धा फेरा फिरतातच; मेअखेर, वळवाआधी, पुन्हा एकदा. ओळंबा सहाही खांबांना लावून जुन्या नोंदीशी ताडावा. लाकडाच्या बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळताना दिसला तर ती कीड आहे. तो नग बोरॅक्सच्या द्रावणाने पुन्हा भिजवावा, आणि तो खांब असेल तर सुरी खुपसून पोकळी किती खोल आहे ते पाहावे. सुरीचे पाते इंचाहून खोल गेले तर शेजारी टेकू देऊन, बूडाचे दोन बोल्ट आणि डोक्याच्या पट्ट्या काढून, तेवढाच खांब बदलावा.